बारीक एसएमडी चिप जोडण्याआधी: पिच मोजली का?

आयर्न, मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड, चिमटा घरात असतातच, त्यावर शब्द घालवत नाही. एसएमडी म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायची चिप; ती ब्रेडबोर्डवर बसवायला अॅडॉप्टर लागतो, म्हणजे तिचे बारीक पाय रुंद अंतरावर आणणारा छोटा बोर्ड. तो मागवण्याआधी चिपची पिच बघा, म्हणजे शेजारच्या दोन पायांच्या मध्यांतलं अंतर. गेल्या खेपेला नेमकं हेच राहिलं आणि बाकी सगळं सामान मांडून काम अडलं. ‘सोळा पायांचा अॅडॉप्टर द्या’ एवढ्यावर भागत नाही. चिपच्या आवरणाचे प्रकार असतात: एसओआयसीची पिच १.२७ मिमी, टीएसएसओपीची बहुधा ०.६५, काहींची ०.५. नंबर सारखा दिसला तरी शेपूट वाचा: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एलएम३५८ पुढे ‘डी’ असेल तर एसओआयसी, ‘पीडब्ल्यू’ असेल तर टीएसएसओपी. ०.६५ची सोळा पायांची चिप ०.५च्या अॅडॉप्टरवर ठेवली की पहिला पाय बसतो आणि आठव्यापर्यंत १.०५ मिमी फरक पडतो, म्हणजे तब्बल दोन पॅड. पाय वाकवून ते जमत नाही.

डेटाशीटच्या, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकाच्या, शेवटी मापांची आकृती असते. तिथली पिच वाचा आणि चिप हातात आली की व्हर्नियरनं पुन्हा मोजा: पहिल्या पायापासून आठव्यापर्यंत, मध्यापासून मध्यापर्यंत, ०.६५ असेल तर ४.५५ मिमी, ०.५ असेल तर ३.५. पिच जुळली तरी रुंदी बघाच. एसएसओपी आणि टीएसएसओपी दोन्ही ०.६५चे असतात, पण एकाचं अंग ५.३ मिमी, दुसऱ्याचं ४.४. सोलापुरात रेझिस्टर, बर्ग स्ट्रिप (ब्रेडबोर्डात खुपसायच्या पिनांची पट्टी) दुकानात मिळून जातात. असला अॅडॉप्टर मात्र बहुतेक पुण्याहून नाहीतर ऑनलाइन मागवावा लागतो. चुकीचा आला की पुन्हा पार्सलची वाट. म्हणून पैसे भरण्याआधी पिच. चिपही दोन मागवा.

फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरवणारा पदार्थ, वेगळा लागतोच, नो-क्लीन जेल. तारेतला फ्लक्स क्षणात जळतो आणि मग शेजारचे पाय सोल्डरनं जोडले जाऊन पूल होतात. नळकामाचा अॅसिड फ्लक्स बोर्डाला अजिबात लावू नका, तो तांबं खातो. ६३/३७ची (कथील-शिसं) ०.५ मिमी सोल्डरची तार, आयर्न ३२० ते ३५० अंशांवर. टोक सुईसारखं नको, तिरकं कापलेलं घ्या. सुईत उष्णता टिकत नाही. पूल काढायला सोल्डर शोषणारी २ मिमीची तांब्याची जाळी.

पंखा बंद करावा लागतो, ०६०३ आकाराचा चिमुकला कपॅसिटर वाऱ्यानं उडतो. मे महिन्यात पंख्याविना बसवत नाही, तेव्हा काम पहाटे उरका. खाली चादर नको, वीणेत हरवलेला भाग सापडत नाही. काठ असलेलं स्टीलचं ताट घ्या. कपॅसिटरवर आकडा नसतो, पट्टीतून एकेकच काढा.

आधी चिप, नंतर बर्ग स्ट्रिप, नाहीतर बोर्ड सपाट बसत नाही. एक नंबरच्या पायाची खूण जुळवा. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर सप्लायच्या पायाला चिकटून, अॅडॉप्टरवरच. आयसोप्रोपिलनं पुसा, भिंगातून बघा, सप्लाय-ग्राउंड शॉर्ट तपासा, मग करंट लिमिट लावून वीज द्या. क्यूएफएनला, म्हणजे बाहेर पाय नसलेल्या चिपला, हॉट एअर लागतं, पहिल्यांदा ती घेऊच नका. आणि अॅडॉप्टर अजून मागवला नसेल तर आत्ता डेटाशीट उघडून पिच बघा.