सूर्यफुलाची कुंडी फिरवू नका

दसरा झाला, पाऊस खरंच गेला अशी खात्री पटली, की मी सूर्यफुलाचं बी पेरायला घेते. कोपरखैरण्याला आमच्या गच्चीवरून पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला खाडीची बाजू दिसते. दोन्हीकडे आभाळ मोकळं. सूर्यफुलाला नेमकं हेच लागतं. गॅलरीत उजेड एकाच बाजूने येतो, त्यामुळे रोप ग्रिलबाहेर मान काढतं आणि खोड लांबलचक, किरकोळ होतं. रोज निदान सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर दुसरं काही लावा.

कुंडी फूटभर तरी खोल हवी. माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट. बी बोटाच्या एका पेराएवढं खाली, आणि थेट त्याच कुंडीत. सोटमूळ खोल जातं, उपटून दुसरीकडे लावलं की ते दुखावतं. आठवडाभरात कोंब वर येतो.

आता मुख्य गोष्ट. कुंडीच्या पूर्वेकडच्या कडेला खडूने खूण करा आणि ती खूण कळी उमलेपर्यंत हलू देऊ नका. कोवळं रोप दिवसभर सूर्यामागे जातं, कारण दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते आणि शेंडा पश्चिमेला झुकतो. रात्री पश्चिमेकडची बाजू वाढते आणि शेंडा परत पूर्वेला येतो. अंधारात वळायला सूर्य कुठे असतो? हे रोपाच्या आतल्या घड्याळावर चालतं. एकदा पहाटे साडेपाचला चहा घेऊन गच्चीवर जाच. डोंगरामागे अजून उजाडलेलंही नसतं आणि सगळे शेंडे तिकडे तोंड करून उभे असतात. मी दर वर्षी बघते, तरी दर वर्षी थबकते.

दोन वर्षांपूर्वी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी कुंड्या सरकवल्या, त्यात एक उलटी ठेवली गेली. दुसऱ्या पहाटे बाकीची रोपं डोंगराकडे बघत होती आणि हे एकटं खाडीकडे. जुन्या सवयीने ते रात्रभर वळलं होतं. नीट सूर्यामागे यायला त्याला बरेच दिवस लागले, आणि त्याची पानंही इतरांपेक्षा लहान राहिली. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनीही कुंड्या अशा फिरवून पाहिल्या होत्या, 2016 साली ते प्रसिद्ध झालं. त्यांच्याही फिरवलेल्या रोपांची वाढ कमी भरली.

कळी उमलू लागली की खोडाची वाढ थांबते आणि फूल पूर्वेला तोंड करून कायमचं स्थिरावतं. म्हणून फुललेलं सूर्यफूल सूर्यामागे फिरताना दिसणार नाही, त्यात रोपाचं काही बिघडलेलं नाही. सकाळच्या उन्हाने ते लवकर तापतं आणि उबदार फुलावर मधमाश्या जास्त येतात. त्याच संशोधनात पूर्वेकडच्या फुलांवर पश्चिमेकडे वळवलेल्या फुलांच्या सुमारे पाचपट मधमाश्या आल्या होत्या. आमच्याकडे आठ-साडेआठपर्यंत त्यांची गर्दी असते. तेवढा वेळ झारीने फुलावर पाणी मारू नका, मुळाशी घाला.

फुलाची पाठ पिवळी पडून तपकिरी व्हायला लागली की जुन्या सुती ओढणीचा तुकडा सैलसर बांधा, नाहीतर पोपट एक बी ठेवत नाहीत. पाठ पूर्ण सुकली की देठासकट कापून सावलीत टांगा. टपोरं बी बाजूला काढून कागदाच्या पुडीत ठेवा, पुढच्या दसऱ्यासाठी.