क्रूरतेच्या कारणावर काडीमोड घ्यायचाय? वकिलाआधी वही घ्या

माझ्या मावसबहिणीबरोबर मी तीन वर्षं कोर्टाच्या तारखांना गेले, म्हणून हे लिहितेय. पहिल्याच भेटीत वकिलांनी विचारलं, ताई नेमका त्रास काय, तर ती एवढंच म्हणाली, "लई छळ केला ओ." वकील म्हणाले खरं असंल, पण कोर्टाला प्रसंग लागतात. आणि तिथंच गाडी अडली, सहा वर्षांतलं सगळं तिच्या डोळ्यासमोर होतं पण कधी, कुठं, कुणादेखत हे सांगता येईना.

तर पहिलं काम वही. एकेक प्रसंग लिहून काढायचा, काय झालं, काय बोलले, कोण हजर होतं. तारीख आठवत नसंल तर सणवार धरायचे, जोतिबाच्या यात्रेच्या आदल्या दिवशी, २०१९ च्या महापुरात माहेरी अडकले होते तेव्हा फोनवर शिवीगाळ, असं. मग त्याला जोड शोधायची, दवाखान्याची चिठ्ठी, पोलिसातली एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद), बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सअॅप चॅट. चॅटचा नुसता स्क्रीनशॉट देऊन भागत नाही, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळं मूळ फोन विकू नका आणि फॉरमॅट तर अजिबात मारू नका. चोरून केलेलं कॉल रेकॉर्डिंग चालतं का हे सगळेच विचारतात. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवराबायकोच्या वादात ते पुरावा म्हणून घेता येतं असं सांगितलंय.

कायदा म्हणजे हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३(१)(आय-ए). क्रूरता हे घटस्फोटाचं कारण १९७६ च्या दुरुस्तीनं झालं. (आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ लाच बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता, हे मला फार मोठं वाटतं.) मारहाणच पाहिजे असं नाही, मानसिक छळही धरतात, सततचा अपमान, चारित्र्यावर खोटे आरोप, कारण नसताना वर्षानुवर्षं शरीरसंबंध नाकारणं. पण समर घोष केसमध्ये २००७ ला सुप्रीम कोर्टानं हेही सांगितलं की संसारातली रोजची कुरबूर म्हणजे क्रूरता नव्हे. आणि खोटी फौजदारी तक्रार हीसुद्धा क्रूरता ठरते, त्यामुळं कुणी सांगितलं म्हणून नसलेलं काही लिहू नका, जे झालंय तेवढंच लिहा.

आता एक गोष्ट जी आम्हाला फार उशिरा कळली. पुण्याची दास्ताने केस आहे, १९७५ ची. सुप्रीम कोर्टानं क्रूरता झाली हे मान्य केलं तरी नवरा हरला, कारण त्यानंतर दोघं नवराबायकोसारखे राहिले म्हणजे त्यानं माफ केलं असं धरलं. म्हणून मोठी माणसं बैठक घेऊन "जा बाळ नांदायला" म्हणतात तेव्हा परत जायचं तर जा, पण का गेलात, काय कबूल झालं होतं हे वहीत लिहून ठेवा. परत तसंच वागले तर माफ केलेलं जुनंही पुन्हा उभं राहतं. याच निकालात आहे की खुनाच्या खटल्यासारखा कडक पुरावा इथं लागत नाही, जास्त शक्य काय वाटतंय ते बघतात.

लग्नाला वर्ष झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही, फारच असह्य असंल तर कोर्टाची परवानगी मागता येते. कुठं करायचा? समजा लग्न इचलकरंजीत झालं, नांदायला पुण्यात होता आणि आता कोल्हापुरात माहेरी राहताय, तर बाईला इथंच, कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात टाकता येतो. वकिलाची फी झेपत नसंल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, बाईला उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो.

अर्जाबरोबरच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली तात्पुरती पोटगी मागा, नंतर बघू म्हणत बसू नका. त्यासाठी दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पुढं समन्स, समुपदेशन, समोरच्यांचं लेखी म्हणणं, मग पुरावा. उलटतपासणीच्या आधी रात्री स्वतःचा अर्ज दोनदा वाचा, तिथं तारखा चुकल्या की समोरचा वकील त्याच धरतो. मधेच दोघांचं जमलं तर संमतीनं घटस्फोटाकडं वळता येतं, त्यात कमीपणा काही नाही.

आणि मारहाण आत्ता चालू असंल तर घटस्फोटाची वाट बघू नका, ११२ किंवा १८१ ला फोन करा, घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत वेगळा अर्ज होतो.

निकाल लागला की सर्टिफाइड नक्कल लगेच मागा. अपिलाला ९० दिवस असतात, ऑगस्ट २०२५ पासून ते मुंबईला न जाता इथल्या, म्हणजे हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या, सर्किट बेंचला होतं. ती मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालंच तर ते निकाली निघेपर्यंत, दुसऱ्या लग्नाची बोलणी करू नका.