एकोणपन्नास सांगितलं, तिने 51 लिहिलं

दुसरीतल्या एका मुलीला मी 'एकोणपन्नास' लिहायला सांगितलं. तिने 51 लिहिलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा 51. मैदानावर हीच मुलगी अस्खलित मराठीत भांडायची, त्यामुळे भाषेची अडचण असेल हे माझ्या मनातही आलं नाही. वहीत शेरा दिला : 'गणिताकडे लक्ष नाही.' तिच्या घरी आकडे इंग्रजीत मोजतात, हे मला चार महिन्यांनी कळलं. 'फॉर्टी-नाइन'मध्ये चाळीस आणि नऊ सरळ ऐकू येतात. 'एकोणपन्नास'मध्ये ऐकू येतात ते 'एक' आणि 'पन्नास'. एक कमी करायचा आहे हे सांगणारं 'ऊन' उच्चारात विरघळून गेलेलं असतं. जे ऐकलं ते तिने चोख लिहिलं होतं. तो शेरा मला अजून सलतो.

आता मी द्वैभाषिक वर्गांवर शिकवणाऱ्या शिक्षकांना प्रशिक्षण देते, आणि जवळजवळ प्रत्येक गटात कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, बोलतात तर छान, मग पेपरात काय होतं?" जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने 1979 मध्ये याच कोड्यावर बोट ठेवलं. गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी, असं त्याचं म्हणणं. नव्या भाषेत गप्पा मारायला मूल साधारण 2 वर्षांत शिकतं. पण त्याच भाषेत धडा वाचून, कारण देऊन, तुलना करून लिहिण्यात बरोबरीच्या मुलांना गाठायला 5 ते 7 वर्षं लागतात. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने निदान हा फरक तरी पहिल्या आठवड्यात पचवावा. मधल्या तीन ते पाच वर्षांतच मुलांवर 'कच्चा', 'आळशी' असे शिक्के बसतात.

अभ्यासाची भाषा म्हणजे फक्त अवघड शब्द नव्हेत. उलट, ओळखीचे शब्दच जास्त फसवतात. मूळ झाडाचं असतं, मग वर्गमूळ कसलं? पद म्हणजे गाणं, पाय, हुद्दा, व्याकरणातला शब्द, शिवाय बीजगणितातलं पद. जड पिशवी धरून तासभर एका जागी उभं राहिलं तरी विज्ञानाच्या हिशेबात त्या पिशवीवर 'कार्य' शून्य. घरी मराठी बोलणारं मूलही इथे अडखळतं; ज्याची घरची भाषा दुसरी आहे त्याचं काय होत असेल! म्हणून पाठ आखताना मी शिक्षकांना दोन उद्दिष्टं लिहायला लावते : आज काय शिकवायचं, आणि ते सांगायला मुलांना कोणती वाक्यं लागतील. 'अपूर्णांकांची तुलना' हे पहिलं झालं. 'हा त्यापेक्षा मोठा आहे, कारण...' हे दुसरं. हे वाक्य फळ्यावर अर्धं लिहून ठेवलं, तरी मागे बसणारी मुलं तोंड उघडतात.

प्रशिक्षणाची सुरुवात मी व्याख्यानाने करत नाही. माझी एक सहकारी वीस मिनिटं तमिळमध्ये भूमितीचा पाठ घेते. फळ्यावर तमिळ लिपी, प्रश्न तमिळमध्ये, सूचनाही तमिळमध्ये. पाच मिनिटांत कुणी खिडकीबाहेर बघू लागतं, कुणी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं, कुणी हळूच कुजबुजतं. पंधरा-पंधरा वर्षं शिकवलेली माणसं असतात ही. नंतर मी इतकंच विचारते, "तुम्ही काय काय केलंत?" फळ्यावर यादी होते, आणि खोलीत शांतता पसरते. याच गोष्टींसाठी आपण मुलांना रागावत आलोय, हे मला सांगावं लागत नाही.

नवे शिक्षक हमखास करतात ती चूक म्हणजे प्रत्येक वाक्य लगेच दुसऱ्या भाषेत सांगणं. हेतू चांगला असतो. पण मुलं फार लवकर हेरतात की आपली भाषा आता येणारच आहे, आणि नव्या भाषेच्या वेळी कान मिटून घेतात. त्यापेक्षा भाषांना कामं वाटून द्या. वेल्समध्ये केन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञाने 1994 मध्ये अशी पद्धत मांडली : एका भाषेत वाचायचं किंवा ऐकायचं, दुसरीत लिहायचं किंवा बोलायचं. यालाच पुढे ट्रान्सलँग्वेजिंग म्हणू लागले. उतारा शाळेच्या भाषेत वाचू द्या, गटात चर्चा घरच्या भाषेत होऊ द्या, निष्कर्ष पुन्हा शाळेच्या भाषेत लिहून घ्या. समजल्याशिवाय असं भाषांतर होत नाही, त्यामुळे नुसती घोकंपट्टी तिथेच उघडी पडते. तुम्हाला मुलांची भाषा येत नसेल तरी हे जमतं. चर्चा त्यांची त्यांना करायची असते.

आणि थांबा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलतात. दोन भाषांत विचार करणाऱ्याला तर हा वेळ हवाच. ऐकायला सोपं आहे, पण मनात तीन मोजून बघा, ती शांतता किती जड वाटते ते कळेल.

कुणाच्या वर्गाचं निरीक्षण करायला गेलात, तर शेवटच्या बाकावर बसा. शिक्षक काय बोलले ते टिपू नका, ते त्यांच्या टाचणवहीत असतंच. मुलं एकमेकांना काय आणि कोणत्या भाषेत सांगतात ते लिहा. माझ्या एका प्रशिक्षणार्थी शिक्षिकेने अशा अर्ध्या पानात टिपलं होतं : शिक्षकांनी 'छेद' म्हटल्यावर एका मुलाने शेजारच्याला घरच्या भाषेत विचारलं, "काय कापायचंय?" पुढचा तास तिने त्या प्रश्नापासून सुरू केला.