जुन्या पिकअपची डिझेलयंत्रणा आणि इंजिन : दुरुस्ती करताना या चुका टाळा

पंधरा-वीस वर्षे ओझे वाहिलेली डिझेल पिकअप सकाळी लवकर सुरू होईनाशी झाली किंवा चढावर दम टाकू लागली, की बहुतेक मालकांचा पहिला संशय डिझेल पंपावर (इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा पंप) किंवा नोझलवर (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा भाग) जातो, आणि पंप उतरवून दुरुस्तीला पाठवला जातो. माझ्या मते जुन्या गाडीच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. पंपाकडे वळण्यापूर्वी टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा मार्ग तपासायला हवा. तिथले दोष स्वस्तात दूर होतात आणि त्यांची लक्षणे मात्र पंप बिघडल्यासारखीच दिसतात.

या मार्गातला सर्वांत फसवा दोष म्हणजे लाइनमध्ये हवा शिरणे. ज्या गाड्यांमध्ये फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाकडे पाठवणारा छोटा पंप) इंजिनाला जोडलेला असतो, त्यांत टाकीपासून फीड पंपापर्यंतचे डिझेल ओढून घेतले जाते. त्यामुळे या भागातला रबरी पाइप तडकला किंवा क्लॅम्प सैल झाला, तर डिझेल बाहेर ठिबकण्याऐवजी बाहेरची हवाच आत खेचली जाते. जमिनीवर डाग दिसत नाही, म्हणून ‘गळती नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि तपास चुकीच्या दिशेने जातो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नसेल, पण हँडपंप (लाइनमध्ये हाताने डिझेल भरण्याचा छोटा पंप) मारल्यावर लगेच सुरू होत असेल, तर डिझेल टाकीकडे उतरून गेले आहे असे समजावे. खात्री करण्यासाठी फिल्टरच्या अलीकडे पारदर्शक पाइपचा छोटा तुकडा जोडावा आणि इंजिन चालू असताना त्यातून बुडबुडे जातात का ते पाहावे.

त्याहून निर्णायक कसोटी म्हणजे इंजिनाजवळ स्वच्छ डिझेलचा वेगळा डबा घट्ट बसवून, नव्या पाइपने फीड पंपाला त्यातूनच डिझेल द्यावे आणि रिटर्नचा (उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणारा) पाइपही त्याच डब्यात सोडावा. असे केल्यावर गाडी नीट चालली तर दोष टाकी, तिची जाळी किंवा मधली लाइन यांतच आहे आणि पंपाला हात लावण्याचे कारण उरत नाही. काही अंतर चालून बंद पडणारी आणि टाकीचे झाकण उघडताच पुन्हा सुरू होणारी गाडी असेल, तर झाकणातील हवेची वाट बुजलेली असते. एवढ्याशा कारणासाठी इंजिन उघडले जाऊ नये, असे मनापासून वाटते.

फिल्टर बदलताना नव्या फिल्टरमध्ये कॅनमधले डिझेल वरून ओतण्याची सवय सोडावी. ते मधल्या छिद्रातून आत गेले, तर बहुतेक फिल्टरांत न गाळलेला कचरा थेट पंपाच्या बाजूला पोहोचतो. फिल्टर कोरडाच बसवून हँडपंपाने भरावा, एअरचा स्क्रू सैल करून बुडबुडेरहित डिझेल येईपर्यंत हवा काढावी आणि मगच सेल्फ मारावा. हवा न काढता सलग सेल्फ मारत राहिल्यास बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही तापतात. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये विश्रांती द्यावी. फिल्टरखालील पाणी नियमित काढावे. टाकी सतत तळाला ठेवल्यास आतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि जुन्या लोखंडी टाकीत गंज धरतो.

नोझल काढले असेल, तर जुना तांब्याचा वॉशर खाचेत अडकून राहिला नाही ना, हे पाहिल्याशिवाय नवा बसवू नये. दोन वॉशर एकावर एक बसल्यास नोझलची खोली बदलते आणि फवारा चुकीच्या जागी पडतो.

धुराच्या रंगावरून घाईने निदान करू नये. काळा धूर दिसताच पंपाचे डिझेल कमी करण्याआधी एअर फिल्टर आणि टर्बोचे पाइप पाहावेत, कारण हवा अपुरी पडली तरी धूर काळाच येतो. पांढऱ्या धुराला डोळे चुरचुरवणारा डिझेलचा वास असेल, तर ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा प्लग), टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) तपासावे. पांढऱ्या धुराबरोबर कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधले सील) संशय घ्यावा. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारून गाडी सुरू करणे धोकादायक आहे, कारण तापलेल्या प्लगमुळे तो अवेळी पेटतो.

ऑइल कमी झाले तर सर्वांचे लक्ष जाते, पण डिपस्टिकवरची पातळी वाढू लागली तर अनेकांना उलट समाधान वाटते. इंजिनाच्या ऑइलमधूनच वंगण मिळणाऱ्या डिझेल पंपाचे सील किंवा फीड पंपाचा डायफ्रॅम फाटल्यास डिझेल ऑइलमध्ये मिसळते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंग झिजतात. ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नये.

इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकणे हीदेखील जुनी चूक आहे. इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही, डिझेल जास्त लागते आणि चोंदलेला रेडिएटर तसाच राहतो.

नोझलच्या लाइनची गळती कधीही बोटाने तपासू नये. जुन्या यांत्रिक पंपाचा फवारादेखील कातडी भेदून आत शिरतो, आणि अशी जखम लहान दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. कॉमन रेल इंजिनात (जिथे सगळ्या नोझलना एकाच सामायिक नळीतून डिझेल मिळते) दाब हजार बारच्याही वर जातो, त्यामुळे जुन्या पद्धतीने चालू इंजिनावर एकेक लाइन सैल करून बंद सिलिंडर शोधण्याचा प्रयत्न तिथे अजिबात करू नये; त्याऐवजी इंजिन सुस्थिर गतीवर असताना प्रत्येक नोझलच्या रिटर्नमधून येणारे डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत जमा करून तुलना करावी.