मॉर्मन पूर्वजाचा शोध: आधी जहाज, मग तांडा

१९ व्या शतकात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांबरोबर अमेरिकेतल्या युटाला गेलेला पूर्वज शोधताना बहुतेक जण थेट सॉल्ट लेक सिटीतल्या नोंदींना हात घालतात आणि तिथेच अडकतात. प्रवासाचे दोन तुकडे करा: समुद्र आणि जमीन.

समुद्रासाठी ‘सेंट्स बाय सी’ हा मोफत डेटाबेस पाहा. इंग्लंडमधून पहिली तुकडी १८४० मध्ये लिव्हरपूलहून निघाली. पुढची जमिनीवरची वाट मॉर्मन चर्चच्या इतिहास विभागाच्या चरित्र डेटाबेसमध्ये सापडते. तिथे १८४७ ते १८६८ या काळातल्या तांड्यांच्या, म्हणजे एकत्र युटाकडे निघालेल्या गटांच्या, याद्या आहेत. १८६९ मध्ये अमेरिका आरपार जोडणारी रेल्वे पूर्ण झाल्यावर तांड्यांची गरजच उरली नाही, त्यामुळे नंतर आलेल्याला तांड्यांत शोधू नका.

नाव जुळत नाही म्हणून लगेच हार मानू नका. डेन्मार्कहून आलेल्यांत ही अडचण फार येते. बापाचं नाव हान्स, तर मुलगा हान्सन आणि मुलगी हान्सडाटर! अमेरिकेत गेल्यावर मुलगीही हान्सन झालेली असते. अशा वेळी आडनाव सोडा. पहिलं नाव, वय आणि सोबतची भावंडं एकत्र जुळवून पाहा. जहाजाच्या यादीत वय आणि बऱ्याचदा धंदाही असतो, माणूस ओळखायला त्याचा मोठा आधार होतो.

जहाज सापडलं की सहप्रवाशांच्या डायऱ्या आणि पत्रं नक्की वाचा. तुमच्या माणसाने एक ओळही लिहिली नसली, तरी शेजारच्या बर्थवरच्या कुणीतरी वाटेतल्या वादळाबद्दल लिहिलेलं असू शकतं.