बॉक्सएन वाघिणीचं किट: साच्यापासून पाकिटापर्यंत या चुका टाळा

मॉडेल रेल्वेचं किट छोट्या बॅचमध्ये ओतताना चूक कधी एकटी येत नाही. मास्टरवर, म्हणजे ज्यावरून साचा बनतो त्या मूळ नमुन्यावर, एक रिव्हेट राहून गेली, तर ती पंचवीसच्या पंचवीस वाघिणींवर (मालगाडीच्या डब्यांवर) राहून जाते आणि लक्षात येईपर्यंत निम्मी पाकिटं रवाना झालेली असतात. इथे एचओ म्हणजे १:८७ प्रमाणातली, पॉलियुरेथेन रेझिनमध्ये ओतलेली भारतीय रेल्वेची बॉक्सएन डोळ्यांसमोर ठेवली आहे. कोळशाची ही उघडी वाघीण करायला सोपी वाटते. पण तिची आतली बाजूही दिसते आणि रिकामी असेल तर वजनही कुठे लपवता येत नाही.

सगळंच ८७ ने भागणं

अंगाची मापं भागायचीच. हेडस्टॉक ते हेडस्टॉक (चौकटीच्या दोन टोकांच्या आडव्या तुळयांमधली) लांबी ९७८४ मि.मी., म्हणजे मॉडेलवर ११२.५, रुंदी ३२०० मि.मी., म्हणजे ३६.८. गडबड होते ती दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे बोगी, म्हणजे वाघिणीखालची चाकांची फिरती चौकट. आपलं ब्रॉडगेज १६७६ मि.मी.चं, ८७ ने भागलं की १९.२६ मि.मी. येतात. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मि.मी.चा असतो, म्हणजे तो खऱ्या १४३५ मि.मी. गेजचा. बोगीच्या बाजूच्या फ्रेम खऱ्या अंतरावर काढल्या, तर टोकदार आस त्यांच्यात अडकत नाही, गळून पडतो. म्हणून आधी चाकं विकत घ्या, आसाची लांबी कॅलिपरने मोजा आणि मगच बोगी काढा. वेगवेगळ्या ब्रँडच्या आसांत एक-दीड मि.मी.चा फरक सहज असतो. आसाला आडवी हालचाल ०.२ ते ०.३ मि.मी. राहू द्या. चाकाचा व्यास हिशेबाने ११.५ येतो, ११ मि.मी.चं तयार चाक शोभून दिसतं, १०.५ चं जरा खुजं वाटतं.

दुसरं ठिकाण कपलर, म्हणजे दोन डबे जोडणारा आकडा. खऱ्या वाघिणीत कपलरची उंची रुळापासून जास्तीत जास्त ११०५ मि.मी. असते, म्हणजे मॉडेलवर १२.७. पण केडी या अमेरिकी ब्रँडसारखे कपलर अमेरिकी उंचीवर बेतलेले आहेत आणि एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या मानकानुसार ती उंची सुमारे ९.९ मि.मी. आहे. प्रमाणाशी इमान राखलेली वाघीण दुसऱ्या कुठल्याच गाडीला जोडली जाणार नाही. कपलरची पेटी ९.९ वरच बसवा आणि कपलरची उंची तपासायच्या मापपट्टीवर (गेजवर) तपासा.

ओतकाम फसतं तेव्हा

बुडबुडे दिसले की सगळेजण प्रेशर पॉटला, म्हणजे ज्यात दाबाखाली ओतकाम जमतं त्या भांड्याला, दोष देतात. आधी बुडबुडे नीट पाहा. कोपऱ्यात, वरच्या कडेला, रिव्हेटच्या डोक्यावर मोजके मोठे बुडबुडे असतील तर ती अडकलेली हवा आहे. साच्याला हवा निसटायची वाट कापा आणि ओतण्याआधी कोपऱ्यांत टूथपिकने थोडं रेझिन फिरवा. पण अंगभर बारीक फेस असेल, तुकडा फुगला असेल किंवा मऊ राहिला असेल, तर कारण ओलावा. रेझिनमधल्या आयसोसायनेट या रसायनाची पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. कोकणात नि मुंबईत जून ते सप्टेंबर हा त्रास ठरलेलाच. साचा ५० अंशांवर अर्धा तास तापवून कोरडा करा आणि बाटल्या वापर होताच घट्ट बंद करून सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. ढवळायला लाकडी काडी नको, ती दमट असते, प्लास्टिकची घ्या. एकदा ओलावा शिरलेली बाटली सुधारत नाही. याच आयसोसायनेटमुळे हातमोजे, सेंद्रिय वाफेचा मास्क आणि मोकळी हवा यांत तडजोड करू नये.

ओतलेल्या तुकड्यावर बारीक पुटकुळ्या आल्या तर दोष रेझिनचा नाही. दाबाखाली ओतायचं असेल तर सिलिकॉनचा साचाही दाबाखालीच घट्ट होऊ द्यावा लागतो. नाहीतर साच्यातले बुडबुडे दाबले जातात आणि त्या खळग्यांत रेझिन भरतं.

मास्टर रेझिनच्या थ्रीडी प्रिंटचा असेल तर प्लॅटिनम सिलिकॉन (साच्याच्या रबराचा एक प्रकार) बहुधा त्याच्या पृष्ठभागाशी चिकट राहतं, घट्ट होतच नाही. छोट्या बॅचला टिन सिलिकॉन हा दुसरा प्रकार बरा. ते थोडं आकसतं, म्हणून एक नमुना ओतून मोजा आणि तेवढ्याच टक्क्यांनी मास्टर वाढवा. भिंती १ मि.मी. जाड ठेवा, पण वरची कड आतून तासून ०.५ वर आणा. डोळा जाडी त्या कडेवरूनच ठरवतो.

वाघीण घसरते

आधी चाकांचं आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा: १४.४ ते १४.६ मि.मी. मग बोग्या बघा. दोन्ही बोग्या घट्ट आवळल्या असतील तर वाकड्या रुळावर एक चाक हवेत राहणारच. एक बोगी फक्त फिरू द्या. दुसरी फिरूही द्या आणि डुलूही द्या. तरीही घसरली तर वजन करा. एनएमआरएच्या शिफारशीचा ढोबळ हिशेब असा: २८ ग्रॅम, अधिक प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम. आपल्या वाघिणीला सुमारे ९० ग्रॅम होतात. कमी पडणारं वजन कोळशाच्या भाराखाली किंवा तळाशी घाला. शिशाचे छर्रे मात्र पांढऱ्या पीव्हीए गोंदाने चिकटवू नका. शिसं हळूहळू गंजून फुगतं आणि काही वर्षांनी तळ फाटतो. इपॉक्सी वापरा.

वेदरिंग (मॉडेल वापरून जुनं झालेलं दाखवणं): गंज कुठे, धूळ कुठे

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे सगळीकडे सारखा नारिंगी गंज. ताजा नारिंगी गंज नुकत्याच झालेल्या खरचट्यावर थोडाच असतो; जुना गंज गडद तपकिरी. बॉक्सएनच्या आतला रंग कोळशाने कधीच घासला जातो, म्हणून आतून गंज आणि काळी भुकटी, बाहेर मात्र रंग बराच शाबूत. बॉक्सएनएचएल या नंतरच्या प्रकाराचं अंग स्टेनलेस स्टीलचं असतं. त्यावर लालसर ओघळ काढले की जाणकाराला मॉडेल लगेच खोटं वाटतं. तिथे करडी धूळ आणि काळे डाग हवेत. चाकांजवळ ब्रेकची तपकिरी भुकटी दोन्हींवर चालते.

थरांचा क्रम मोडला की काम बिघडतं. रेझिन भांड्याच्या साबणाने धुवा, मग प्रायमर, रंग, चकचकीत वार्निश, डिकल (पाण्याने चिकटवायची छापील अक्षरं), मॅट वार्निश, तेलरंगाचा वॉश (खूप पातळ थर), आणि शेवटी पावडर. मॅट पृष्ठभागावर डिकल लावलं तर खाली हवा राहून चंदेरी चकाकी येते. वॉश २४ तास सुकू द्या. मॅट वार्निश पांढुरकं पडलं तर हवा दमट होती असं समजा. कोरड्या दिवशी पुन्हा पातळ थर दिल्यास बहुतेक वेळा निवळतं. पावडरवर पुन्हा वार्निश मारणार असाल तर ती त्याखाली फिकी होते, म्हणून थोडी जास्तच लावावी.

वाघिणीचा क्रमांक

डिकलवर मनाला येईल तो ११ आकडी क्रमांक छापू नका, शेवटचा आकडा तपासणीचा असतो. आधीचे दोन-दोन आकडे अनुक्रमे प्रकार, मालक रेल्वे (०१ म्हणजे मध्य रेल्वे) आणि बांधणीचं वर्ष सांगतात. पुढचे चार अनुक्रमाचे. समजा पहिले दहा १००१०५१२३४ आहेत. सम स्थानांची बेरीज ०+१+५+२+४ = १२, तिची तिप्पट ३६. विषम स्थानांची १+०+०+१+३ = ५. एकूण ४१. पुढच्या दहाच्या पटीपर्यंत, म्हणजे ५० पर्यंत, ९ कमी. म्हणून शेवटचा आकडा ९. एका शीटवर निदान सहा वेगळे क्रमांक द्या, कारण घेणारा एका वाघिणीवर थांबत नाही. अक्षरं पांढरी असतात आणि साधा प्रिंटर पांढरं छापत नाही. स्क्रीन प्रिंटिंगचा खर्च सुरुवातीलाच धरा.

विकताना

किंमत ठरवताना बाद तुकडे मोजायचे राहतात. ३० ओतून २४ चांगले निघाले, तर ३० तुकड्यांचं रेझिन आणि वेळ २४ किटांवर वाटा. साच्याचाही खर्च घाला. वीस-तीस तुकड्यांनंतर टिन सिलिकॉन बारीक जागी फाटू लागतं.

जाहिरातीत ‘मुलांसाठी खेळणं’ लिहू नका. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० प्रमाणे १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचा शिक्का १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. धारदार, बारीक सुट्या भागांचं किट मोठ्यांच्या हौसेचं म्हणूनच विका आणि तसं पाकिटावर छापा. गोंद किंवा रंग आत टाकू नका. ज्वालाग्राही द्रव विमानाच्या कुरिअरमध्ये अडकतो.

विक्रीआधी एक किट अशा माणसाला जोडायला द्या ज्याने ते पूर्वी पाहिलेलं नाही, आणि तो अडला तरी बोलू नका. जिथे तो थांबेल तिथे सूचनापत्रात एक चित्र कमी आहे. नाजूक पायऱ्या आणि ब्रेकची चाकं प्रत्येकी दोन जास्त घाला. पाकिटावर साच्याचा क्रमांक आणि ओतल्याची तारीख लिहा, म्हणजे एखाद्याची बोगी वाकडी निघाली तर त्याच साच्यातून निघालेली बाकीची किटं कुणाकडे गेली ते लगेच कळेल.