पन्हळ साफ करताना शिडीला स्टॅबिलायझर लावा

पावसाळ्याआधी पन्हळ साफ करायला सरकती शिडी थेट पन्हळीला टेकवू नका. पन्हळ दबते आणि शिडी बाजूला घसरते. शिडीच्या वरच्या भागात स्टॅबिलायझर घट्ट बसवा. त्याचे दोन रुंद दांडे भिंतीवर टेकतात, शिडी भिंतीपासून थोडी दूर राहते आणि हात चालवायला जागा मिळते. खिडकीपाशी तर तो हवाच, दांडे काचेच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर बसतात. त्यांची रबरी टोपणं झिजली असतील तर आधी बदला. टेकण्याची जागा १२ फुटांवर असेल, तर शिडीचे पाय भिंतीपासून ३ फुटांवर ठेवा. मात्र हा आधार फक्त वरचा. खाली ओली फरशी किंवा भुसभुशीत माती असेल तर चढूच नका. विजेच्या तारांजवळ अ‍ॅल्युमिनियमची शिडी तर अजिबात नको.